बाळाचा बीच तंबू : तंबू घ्या, तळं विसरा

ऑनलाइन दुकानात 'बेबी बीच टेंट' टाकून शोधलं की एकाच तंबूचे वीस फोटो समोर येतात. निळा किंवा गुलाबी, वर खेकडा नाहीतर ऑक्टोपस छापलेला, पुढे पाण्याचं चिमुकलं तळं आणि त्यात बसून खिदळणारं बाळ. नावं निरनिराळी, माल जवळपास एकच. किंमत साधारण दीड हजारापासून साडेतीन हजारांपर्यंत, आणि फरक पडतो तो मुख्यतः छपाईत नि पिशवीत. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, त्या सगळ्या वाणाचा आहे. तोही कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर, तीन-चार महिन्यांपासून वर्षाच्या आतबाहेरच्या बाळासाठी.

निकाल आधीच सांगतो. सकाळच्या दीड-दोन तासांची सावली म्हणून पैसे वसूल. तळं म्हणून बाद. सोबत येणाऱ्या खुंट्या घरीच ठेवल्यात तरी चालेल.

पिशवीत एक चकती येते, ४०-४५ सेंमी व्यासाची, वजन किलोच्या आतबाहेर. आत स्प्रिंग स्टीलची तार आणि तिच्यावर ताणलेलं पॉलिस्टर. उघडल्यावर तळ सुमारे १२० बाय ८० सेंमी, मधली उंची ७० सेंमीच्या आसपास. मागे जाळीची खिडकी, तिच्यावर गुंडाळायचा पडदा, कोपऱ्यांना वाळू भरायचे कप्पे, पाच-सहा बारीक खुंट्या. गाडीत मागच्या सीटखाली सपाट बसतो. गोव्याला विमानाने जाणार असाल तर मात्र लक्षात ठेवा, केबिन बॅगेची नेहमीची मर्यादा ५५ बाय ३५ बाय २५ सेंमी असते आणि ही चकती त्या पस्तिसात बसत नाही. ती चेक-इनमध्ये टाकावी लागते.

कापडाबद्दल सगळे 'यूपीएफ ५०+' छापतात. त्याचा अर्थ कापडावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा हिस्सा किंवा त्याहून कमी आत येतो. घरी खात्री करायची पक्की सोय नाही, पण टाकाऊ माल ओळखता येतो. तंबू उन्हात धरा आणि आतून छताकडे बघा. सूर्याची गोल चकती स्पष्ट दिसली किंवा शिवणीजवळ सुईच्या भोकांतून उजेडाचे ठिपके ओळीने चमकले, तर परत पाठवा. चंदेरी लेप बोटाने चोळल्यावर पावडर सुटत असेल तरीही परत.

आणि हे आकडे फक्त कापडाचे आहेत, तंबूचे नाहीत. तंबूची एक बाजू उघडी असते, आणि तिथून आकाशाचा पसरलेला उजेड येतो, वाळूवरून परावर्तित झालेला येतो. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे सावलीतही थोडं ऊन असतंच. बाळाला तंबूच्या तोंडाशी न ठेवता आतल्या दोन तृतीयांश भागात ठेवायचं, पाय बाहेरच्या बाजूला, डोकं आत. मार्च ते मे या काळात आपल्याकडे दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. तेव्हा असा तंबू घेऊन बाराच्या उन्हात बसणं हा उपाय नव्हेच. दहा ते चार या वेळात बाळ खोलीवर झोपलेलं बरं, तंबू कितीही महाग असो.

आता खरी गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात नसते. तंबूचं तोंड कुठे करायचं?

फोटोत ते नेहमी समुद्राकडे असतं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हे अर्धंच बरोबर आहे. सकाळी सूर्य मागून, सुरूच्या बनाकडून वर येतो. वाराही त्याच बाजूने येतो, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा, आणि तोही मंद. अशा वेळी तंबूची पाठ जमिनीकडे, तोंड समुद्राकडे. ऊन पाठीवर, समोर समुद्र, मागच्या जाळीतून झुळूक. सगळं जुळतं. गुहागर, नागाव, काशीद अशा सुरूच्या बनाच्या किनाऱ्यांवर तर सकाळी झाडांची लांबलचक सावलीच वाळूवर पडलेली असते. तंबू त्या सावलीच्या कडेला लावला की कापड तापायलाच उशीर होतो. २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडे बरीच झाडं आडवी झाली. तिथे सावली कुठे पडते ते आदल्या दिवशी सकाळी एक फेरी मारून बघून ठेवावं.

संध्याकाळी सगळं उलटं होतं. सूर्य समुद्राकडे, तोही खाली, सरळ डोळ्यांत येणारा. वारा खारा, पश्चिमेकडून नाहीतर वायव्येकडून, आणि सकाळच्या तिप्पट जोरात. तोंड समुद्राकडे ठेवलंत तर ऊन थेट बाळाच्या चेहऱ्यावर येतं आणि वारा आत घुसून तंबू फुगवतो. तेव्हा पाठ समुद्राकडे, तोंड गावाकडे. मागच्या जाळीचा पडदा वरून अर्धा सोडा म्हणजे ऊन अडेल आणि खालून हवा खेळेल. सूर्यास्त बघायचा असेल तर तो मोठ्यांनी आळीपाळीने बाहेर उभं राहून बघावा.

मधली वेळ, साडेनऊ-दहाच्या सुमाराची, फसवी. मतलई वारा पडलेला असतो, खारा अजून सुटलेला नसतो. हवा थांबते आणि तंबूचं इडलीपात्र होतं. बाहेर बसलेल्या माणसाला हे कळत नाही, कारण तो बसलेला असतो मोकळ्यावर. दर दहा मिनिटांनी हात आत घालून छताला आतून टेकवायचा. हाताला छत गरम लागलं तर बाळ बाहेर काढायचं. बाळाचे हातपाय तपासून काही कळत नाही, ते थंडच लागतात. मानेमागे आणि छातीवर हात लावा. तिथे घामट, तापलेलं लागलं तर लगेच सावलीत, कपडे सैल, अंगावर पाजणं. तंबूच्या तोंडावर दुपटं किंवा ओढणी टाकून 'आणखी सावली' करायची हौस अनेकांना असते. तीच सगळ्यात वाईट, हवेची वाट बंद होते. बाळ आत असताना पुढची चेनही पूर्ण लावायची नाही.

खुंट्यांचा प्रश्न तर हसण्यासारखा आहे. मातीत रोवायच्या बारीक सळया वाळूत देतात. खुंटी टिकते ती भोवतीच्या घर्षणावर, आणि कोरडी वाळू घर्षण देण्याऐवजी बाजूला सरकते. दोन झुळका आल्या की खुंटी वर. ती वाळूत दिसेनाशी होते आणि पुढच्या माणसाच्या तळपायात सापडते.

कोपऱ्यांचे कप्पे मात्र कामाचे आहेत, ओली वाळू भरली तर. कोरडी भरली की अर्ध्या तासात कप्प्याच्या तोंडातून निम्मी गळून जाते. पाण्याजवळून बादलीभर ओली वाळू आणा आणि प्रत्येक कप्पा दाबून, तोंडाशी कापड आत मुडपून भरा. दोन-तीन किलो एका कोपऱ्याला बसते. सकाळच्या वाऱ्याला एवढं पुरतं.

संध्याकाळी पुरत नाही. तेव्हा समुद्राकडच्या दोन कोपऱ्यांना दोरी बांधून नांगर टाकावा लागतो. त्याला सगळ्यात उत्तम वस्तू म्हणजे नारळाचं सोडण, म्हणजे नारळ सोलल्यावर उरणारं काथ्याचं साल. कोकणात कुठल्याही घरी मागितलं तर फुकट मिळतं. दीडेक मीटर दोरी सोडणाच्या मध्याला बांधा, तंबूपासून हातभर लांब दीड वीत खोल खड्डा करा, सोडण आडवं ठेवा, वर वाळू लोटून पाणी ओता आणि पायाने चेपा. दोरी तंबूपासून तिरकी निघाली पाहिजे, उभी नाही. आडवी पुरलेली वस्तू ओढायची तर वरची सगळी वाळू उचलावी लागते, म्हणून ती हलत नाही. सोडण नसेल तर वाळू भरलेली कापडी पिशवी चालते. जाताना उकरून काढून न्या.

एक लक्षात ठेवायचं, तंबू उडतो तो बाळ आत असताना क्वचित. बाळाला पाजायला बाहेर घेतलं, आत नुसतं दुपटं राहिलं, की तंबू गडगडत निघतो आणि लोक त्याच्या मागे धावतात. तेवढ्यात बाळ कुणाच्या हातात आहे, हे घोटाळ्यात विसरायला नको. घोट्यापाशी कोरडी वाळू सरपटायला लागली तर तंबू मिटा. ती वाळू बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवरच उडत असते.

तळाकडे फार कमी लोक बघतात. तंबूचा तळ म्हणजे पातळ कापड, खाली जशी वाळू असेल तसा त्याचा आकार होतो. मोकळ्या कोरड्या वाळूवर लावला की बाळाच्या वजनाने खळगा पडतो आणि बाळ कुशीवर नाहीतर पोटावर कलंडतं. लहान बाळाला सपाट, घट्ट पृष्ठभाग हवा आणि झोपताना पाठीवरच. म्हणून जागा आधी पायाने चेपून सपाट करा, थोडं पाणी शिंपडा, त्यावर बाजारात मिळते ती प्लॅस्टिकची घडीची चटई, तिच्यावर तंबू, आणि आत एकच पातळ दुपटं. गोधडी नको. मऊ असते, गरम होते, आणि वाळू एकदा तिच्या टाक्यांत शिरली की दोन धुण्यांत निघत नाही. बाळ तंबूत झोपलं तरी एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. बाळाला तंबूत ठेवून दोघांनी लाटांत जायचं, असा हा पाळणा नाही.

तळ्याबद्दल थोडक्यात. तंबूच्या पुढच्या भागाला कडा असते, तिच्या मापाचा सुमारे वीतभर खोल खड्डा करून कापड त्यात दाबायचं आणि पाणी भरायचं, अशी कल्पना. प्रत्यक्षात खड्डा खणायला वीस मिनिटं जातात, शिवणीतून पाणी झिरपतं, समुद्राच्या बादलीबरोबर वाळू येते आणि तळाशी बसते. खारं पाणी शिवणीत सुकून पांढरी रेघ उरते. बाळ बाहेर काढल्याशिवाय पाणी ओतून टाकता येत नाही. बाळाला बुडायला दोन-तीन इंच पाणी पुरतं, आणि आवाजही होत नाही. झोपायची जागा आणि पाण्याची जागा एकाच कापडात शेजारीशेजारी शिवण्याची अक्कल ज्याची होती, त्याने नऊ महिन्यांचं बाळ रांगताना पाहिलेलं नसावं. पाण्याची हौस भागवायची तर घरातलं प्लॅस्टिकचं घमेलं न्या. त्यात चार तांबे पाणी, बाळ आपल्या मांडीवर, त्याचे पाय घमेल्यात.

या तंबूवरची सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. बाळ सावलीत, आई उन्हात! सत्तर सेंमी उंचीत मोठ्या माणसाचं डोकं जात नाही. पाजायचं तर बाळाला बाहेर काढावं लागतं, म्हणजे ज्यासाठी तंबू आणला तेच जातं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ दोन-तीन तासांत एकदा तरी प्यायला मागतं, उन्हाळ्यात जास्तच. यावर तोडगा म्हणजे घरची मोठी काळी छत्री. तिचा दांडा तंबूच्या तोंडाशी वाळूत तिरका पुरून, छत्रीची कड तारेच्या कमानीला कपडे वाळत घालायच्या दोन-तीन चिमट्यांनी पकडायची. आई तिच्याखाली पाठ टेकून बसू शकते. वाऱ्याच्या वेळी हे जमत नाही, छत्री उलटते. त्यापेक्षा बजेट असेल तर दोन मीटर रुंदीचा, मोठ्या माणसांसाठीचा उघडा निवारा घ्या. वजन दुप्पट, लावायला दोघं लागतात, पण मायलेकरं एकत्र बसतात आणि मूल तीन वर्षांचं झालं तरी उपयोगी पडतो. गोव्यात शॅकची भाड्याची छत्री आणि पलंग मिळत असेल तर हा लहान तंबू त्याच छत्रीखाली लावावा. दुहेरी सावलीत तो खरोखर गार राहतो.

घरातली घडीची मच्छरदाणी नेली तर? अनेकांनी करून पाहिलेला प्रयोग आहे. माशा अडतात, ऊन अडत नाही, आणि तिला वजनच नसल्याने ती पहिल्या झुळकेला उडते. सुरूच्या दोन झाडांना बांधलेली जुनी सुती साडी तिच्यापेक्षा कितीतरी बरी. फक्त खालची सुरूची वाळकी फळं आणि मुंग्या आधी झाडून घ्या. नारळाखाली मात्र काहीच लावू नका, ना साडी ना तंबू. झावळ पडायला वारा लागत नाही.

उघडणं सोपं, मिटणं कठीण, हे या तंबूंचं खास वैशिष्ट्य. उघडताना पट्टा सोडला की तार जोरात सुटते, म्हणून चेहऱ्यापासून लांब धरा आणि बाळ दुसऱ्याच्या कडेवर, दोन पावलं मागे. मिटायचं घरी, बैठकीच्या खोलीत, तीन-चार वेळा करून बघा. किनाऱ्यावर रडतं बाळ कडेवर घेऊन पहिला प्रयत्न करायचा नसतो. आधी आतली वाळू झटका आणि सगळ्या चेन उघडा, नाहीतर हवा अडकून कापड फुगतं. मग पुढची आणि मागची कमान एकमेकींवर आणून तंबू एका लांबट कड्यासारखा सपाट करा. तो उभा धरा, खालचं टोक जमिनीवर, वरचं टोक दोन्ही हातांत. वरचं टोक आपल्यापासून लांब, खाली वाकवत न्या. तार आपोआप पिळ घेऊ लागते आणि बाजू आत येतात. इथे जोर लावायचा नाही, तिला हवं त्या बाजूला वळू द्यायचं. तीन वर्तुळं एकावर एक सरकली की दाबून धरा आणि पट्टा चढवा. पिळ उलटा दिला तर तार एका जागी मोडल्यासारखी वाकते. ती खोड पुन्हा जात नाही, आणि मग तंबू कायम एका खांद्याने पडलेला दिसतो.

बाळाच्या तयारीत आपल्याकडच्या दोन सवयी आड येतात. पहिली म्हणजे सकाळची मालिश. तेल लावलेल्या अंगावर वाळू अशी चिकटते की ती पुसताना कातडी सोलवटते. किनाऱ्यावर जायच्या दिवशी मालिश परत आल्यावर, आंघोळीआधी. काजळही त्या दिवशी नको, घामाने ओघळतं आणि बाळ वाळूच्या हातांनी डोळे चोळतं. दुसरी सवय टोपड्याची. टोपडं कान झाकतं, चेहऱ्यावर सावली पाडत नाही. त्यापेक्षा रुंद काठाची, हनुवटीखाली बांधायची सुती टोपी. साध्या सुती कापडाची कुंची मान आणि पाठ छान झाकते, त्यामुळे तंबूपर्यंत जाता-येता ती उत्तम. खणाची, अस्तर लावलेली कुंची मात्र बारशापुरतीच ठीक. अंगात सैल, पूर्ण बाह्यांचं पातळ सुती झबलं.

सनस्क्रीन सहा महिन्यांनंतर, झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्त. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढं लावून बघा. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी गाल, हाताची पाठ आणि पावलांवर, आणि दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांच्या आत ऊन टाळायचं ते कपड्यांनी आणि सावलीनेच. त्यातूनही लावायची वेळ आली तर बाळाच्या डॉक्टरांना विचारून, उघड्या राहिलेल्या थोड्याशा जागेवर.

नेहमीचा डायपर पाण्यात नेऊ नका. आतली जेल समुद्राचं पाणी पिऊन फुगते, जड होते आणि फुटून मांड्यांना चिकटते. पाण्यासाठीचा डायपर फक्त शी अडवतो, शू नाही. त्यामुळे तो घालून तंबूत झोपवलंत तर दुपटं ओलं होणारच. पाण्यातून आल्यावर लगेच कोरडा लंगोट. डायपरच्या इलॅस्टिकखाली वाळू राहिली तर अर्ध्या तासात लाल चट्टा उठतो. ती घासून काढायची नाही. दोन-तीन लिटर गोडं पाणी गाडीत ठेवलेलं असतं ते कोमट होतंच, त्याने जांघेतल्या घड्या धुवा, मुलींना पुढून मागे, आणि मऊ कापडाने टिपा. एप्रिल-मेमध्ये आणि पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येतात. तंबूच्या तळाला किंवा बाळाच्या पायाला लागले तर साबणाने हलत नाहीत, खोबरेल तेलाने सुटतात.

पाणी किती वेळ? सहा महिन्यांनंतरच, पायापुरतं, पाच मिनिटं. आपला समुद्र गार नसतो, पण ओल्या अंगाला वारा लागला की बाळ हुडहुडतं. धरणाऱ्याने लाटेकडे पाठ करायची नाही. काशीदसारख्या उताराच्या, ओढ असलेल्या किनाऱ्यावर, गणपतीपुळ्याला किंवा हरिहरेश्वरच्या खडकांकडे तेवढंही नको.

दिवस निवडताना कालनिर्णय उघडा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, कोळी बांधवांचा हा हिशेब तासा-अर्ध्या तासाच्या फरकाने अजून बरोबर ठरतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. सात ते नऊ पाणी मागे जात असतं आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असल्याने लाटांचा जोरही कमी. तंबूला याहून चांगला दिवस नाही. पौर्णिमा-अमावास्येला उलट, सकाळभर उधाणाची भरती चढत असते. मुंबई-अलिबागकडे तेव्हा पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. शंख-शिंपले आणि काड्यांची शेवटची रेघ दिसते तिच्याही वर तंबू लावा. पण इतकाही वर नको की गाड्या आणि क्वाड बाइक फिरतात त्या चाकोरीत येईल. खेकडा छापलेला बुटका तंबू जीपवाल्याला लांबून दिसत नाही. भटकी कुत्री आणि घोडे जिथे उभे असतात ती वाळू बाळाच्या हाताला लागू देऊ नका. कुत्र्याच्या विष्ठेतून वाळूत आलेल्या जंतांच्या अळ्या कातडीत शिरतात. अलिबाग-रेवदंड्याकडची काळसर वाळू लवकर तापते, तिथे चटईशिवाय तंबू लावूच नये.

आणि शहाळं! किनाऱ्यावर पोचलं की आजी म्हणणारच, 'चमचाभर पाज गं, गार असतं.' सहा महिन्यांच्या आत दुधाशिवाय काही नाही, शहाळं नाही, साधं पाणीही नाही. वरचं दूध चालू असेल तर उकळलेलं गरम पाणी थर्मासमध्ये आणि पावडर वेगळ्या डबीत न्या, तिथेच कालवा, कोमट करून पाजा, बाळाच्या तोंडाला लागलेलं तासाभरात फेकून द्या. सहा तास लंगोट ओला झाला नाही, टाळू खोल गेली, बाळ मलूल झालं किंवा अंग तापलं तर तंबू तिथेच राहू दे, जवळचा दवाखाना गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

परत आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. ओला मिटला की आतला लेप चिकट होतो, वास मारतो आणि पुढच्या वेळी पापुद्रे बाळाच्या अंगावर पडतात. चेनमध्ये वाळू अडकली तर जुन्या टूथब्रशने झाडून मेणबत्ती घासा. सगळ्यात आधी खराब होते ती तारेची जोडणी. तारेची दोन टोकं एका छोट्या धातूच्या नळीत दाबून बसवलेली असतात, बहुधा एखाद्या कोपऱ्याजवळ, कापडाच्या पन्हाळीत. बोटांनी चाचपली की लागते. खारं पाणी तिथे मुरतं, गंज येतो, टोक सुटतं आणि कापड फाडून आत येतं, नेमकं बाळाच्या बाजूला. पार्सल आलं त्याच दिवशी ती जागा शोधा, नळी हलत असेल तर बदलून घ्या, घट्ट असेल तर वरून कापडी टेप गुंडाळा आणि दर वेळी तिथे बोट फिरवून बघा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तळ्याचा कापला, एक आईला बसायला जागा नाही म्हणून. मूल धरून उभं राहायला लागलं की ते कमानीला लटकतं आणि तंबू त्याच्यासकट कलंडतो, म्हणजे वापर जेमतेम एका हंगामाचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वर्षातून एकदाच किनाऱ्यावर जाणार असाल तर नवा घेऊ नका, ओळखीत कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतो. तो आणताना टेप सोडून जोडणी तेवढी बघा.